बाटलीवरची ईसी, कार्डावरची ईसी, नोटिशीतली ईसी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात कपाशीवरच्या फवारणीबद्दल लिहिताना ‘२० ईसी’, ‘५० ईसी’ अशी औषधांची नावे आली होती. ही ईसी म्हणजे काय, असे विचारणारी पत्रे आली. त्यांच्यासोबत माती आरोग्य पत्रिकेतली, बोअरच्या पाण्याच्या अहवालातली, आशाताईंच्या रजिस्टरातली, बँकेच्या यादीतली आणि कोळसा खाणीच्या नोटिशीतली ईसीही आली. अक्षरे तीच दोन, अर्थ दर ठिकाणी निराळा. बाकी ठिकाणी गफलत झाली तर कागद परत येतो. बाटलीच्या बाबतीत गफलत झाली तर माणूस दवाखान्यात जातो. म्हणून सुरुवात बाटलीपासून.

प्रश्न : सायपरमेथ्रीन २५ ईसी आणलं. मागच्या साली १० ईसी होतं, तेव्हा पंपाला १० मिली टाकत होतो. आता सगळे म्हणतात २५ ईसी म्हणजे पंपाला २५ मिली. बरोबर आहे काय? (एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

नाही. या आकड्याचा आणि मिलीचा काही संबंध नाही, पण ही समजूत गावोगाव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘२५’ हे औषधातल्या मूळ विषाचे शेकडा प्रमाण आहे. बाटलीतल्या शंभर भागांपैकी पंचवीस भाग सायपरमेथ्रीन. उरलेल्या पंच्याहत्तर भागांत ते विरघळवणारे तेलकट द्रावक आणि ते तेल पाण्यात मिसळू देणारा पदार्थ असतो. ईसी म्हणजे इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट, पाण्यात पडले की दुधासारखे होणारे औषध. म्हणजे ईसी हा औषधाचा प्रकार झाला आणि आकडा ही त्याची तीव्रता.

आता हिशेब करा. १० ईसीच्या १० मिलीत जेवढे विष, जवळपास तेवढेच २५ ईसीच्या फक्त ४ मिलीत असते. तुम्ही २५ मिली टाकले, तर गेल्या सालच्या सव्वासहा पट विष टाकीत गेले. पैसा गेला, फवारणाऱ्याच्या अंगावर सव्वासहा पट विष आले, आणि पऱ्हाटीवरचे ढालकिडे, क्रायसोपा हे मित्रकीटकही साफ झाले. सायपरमेथ्रीन ज्या गटातले आहे, त्या गटाचा मारा वाढला की पांढरी माशी उलट उसळते, हेही ध्यानात ठेवा.

मग पंपाला किती टाकायचे? बाटलीसोबत घडी घातलेले एक माहितीपत्रक येते. बहुतेकदा ते दुकानाच्या दारातच पडलेले दिसते. त्यात पीक, कीड आणि हेक्टरी मात्रा छापलेली असते. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, म्हणून हेक्टरी मात्रेला अडीचने भागा. समजा हेक्टरी १ लिटर लिहिले आहे, तर एकराला ४०० मिली झाले.

आता तुमच्या एकराला किती पंप पाणी लागते ते मोजा. अंदाजाने नको. वावरात चार गुंठे जागा आखा, टाकीत नुसते पाणी भरा आणि रोजच्या चालीने, रोजच्याच नोझलने फवारा. चार गुंठ्यांना १६ लिटर लागले, तर चाळीस गुंठ्यांना १६० लिटर, म्हणजे १६ लिटरचे दहा पंप. ४०० मिली भागिले दहा, पंपाला ४० मिली. पीक कंबरेएवढे झाले की पाणी जास्त लागते, तेव्हा ही मोजणी पुन्हा करा.

पेट्रोल पंपाने, म्हणजे पॉवर स्प्रेने फवारत असाल तर एकराला पाणी कमी लागते. चार टाक्यांत एकर होत असेल तर टाकीला १०० मिली. एकराची मात्रा तीच राहते, वाढत नाही. पण टाकीतले द्रावण अडीच पट कडक होते आणि तुषारही बारीक उडतात, म्हणून या पंपाबरोबर अंग झाकण्यात कसूर करू नका.

मोजायला बाटलीचे झाकण वापरू नका. एका कंपनीचे झाकण ५ मिलीचे, दुसरीचे १५ चे. मिलीच्या खुणा असलेले प्लास्टिकचे माप ठेवा आणि ते फवारणीशिवाय दुसऱ्या कशालाही लावू नका.

निंबोळी अर्कही बहुधा ईसीच असतो, फक्त त्यावर टक्क्यांऐवजी पीपीएम लिहिलेले असते. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का. ३०० आणि १५०० च्या बाटलीत पाच पटींचा फरक आहे, तेव्हा तिथेही बाटली बदलली की मात्रा बदलते.

प्रश्न : एक पावडर आणि एक ईसी औषध मिळून पंपात टाकलं, तर टाकीत दही झालं. नोझल तीनदा साफ केलं. औषध नकली होतं काय? (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

नकली असू शकते. पण बहुतेक वेळा दोष क्रमाचा किंवा पाण्याचा असतो.

आधी बाटलीवरची बाकीची अक्षरे ओळखून घ्या. डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात भिजणारी भुकटी, उदाहरणार्थ मॅन्कोझेब ७५ डब्ल्यूपी. डब्ल्यूजी म्हणजे दाणे, जे पाण्यात फुटून पसरतात. एससी म्हणजे पाण्यात तरंगणारे अतिबारीक कण. फिप्रोनिल ५ एससी या प्रकारातले आहे. ते तळाशी बसते, म्हणून बाटली चांगली हलवूनच ओतायची, नाही तर सुरुवातीचे पंप फिके आणि शेवटचे कडक होतात. एसएल, एसपी आणि एसजी पाण्यात पूर्ण विरघळतात. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल, ॲसिटामिप्रिड २० एसपी आणि इमामेक्टीन ५ एसजी यांचे पाणी पांढरे होत नाही, म्हणून ते नकली म्हणून परत नेऊ नका.

दही होते ते असे. ईसी आधी टाकले आणि वरून कोरडी भुकटी सोडली, की औषधातले तेल भुकटीच्या कणांना चिकटते आणि त्यांच्या गुठळ्या होतात. म्हणून क्रम पाळा. टाकी अर्धी पाण्याने भरा. भुकटी किंवा दाणे बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करा आणि गाळून टाकीत ओता. मग एससी. मग ईसी. एसएल त्यानंतर आणि स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवून ठेवणारे द्रव, सगळ्यांत शेवटी. प्रत्येक वेळी काठीने ढवळा, हाताने नाही. मग उरलेले पाणी भरा.

दुसरे कारण जड पाणी. आपल्याकडच्या पुष्कळ विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजत नाही, ते हेच पाणी. ईसीतला तेल-पाणी जोडणारा पदार्थ या क्षारांमुळे निकामी होतो आणि तेल सुटे होते. विद्राव्य खत किंवा झिंक सल्फेट त्याच टाकीत टाकले तरी तोच परिणाम. फवारणीसाठी शेततळ्याचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी मिळाले तर ते वापरा, फक्त कापडाने गाळून घ्या.

खात्री करायची तर आधी बाटलीत करून पाहा. हातमोजे घाला. पारदर्शक बाटलीत फवारणीचेच एक लिटर पाणी घ्या. १५ लिटरच्या पंपाला ३० मिली टाकणार असाल तर इथे २ मिली, पंपाला ३० ग्रॅम असेल तर २ ग्रॅम, वर सांगितलेल्या क्रमानेच. झाकण लावून उलटसुलट करा आणि अर्धा तास उभी ठेवा. वर सायीसारखा थर आला पण हलवल्यावर पुन्हा एकजीव झाला, तर चालेल. तेलाचे थेंब तरंगत राहिले, फुटक्या दुधासारखे कण झाले किंवा बाटली गरम लागली, तर ते मिश्रण टाकीत नको. आणि ही परीक्षा पास झाली म्हणजे मिश्रण पिकाला मानवेल असे नाही. माहितीपत्रकात ज्याच्यासोबत चालते असे लिहिले आहे तेच एकत्र करा, नाही तर दोन वेगळ्या दिवशी फवारा.

प्रश्न : ईसी औषधाला राकेलसारखा उग्र वास येतो. म्हणजे ते जास्त विषारी असते काय? (ता. घाटंजी)

वास द्रावकाचा असतो. विषारीपणा किती, ते लेबलवरचा रंगीत त्रिकोण सांगतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा.

तरीही ईसीची एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तेलकट द्रावक विषाला कातडीतून आत नेते. पाण्यात न मिसळलेले, बाटलीतले औषध हातावर पडणे हे दिवसभराच्या तुषारांपेक्षा धोक्याचे असते, म्हणून सगळ्यांत जपायचे ते टाकी भरताना. पंपाचे झाकण गळत असेल तर पाठ भिजते, आणि ओला सदरा दिवसभर अंगाला चिकटून राहिला की विष आत शिरत राहते. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता.

कपड्यावर सांडले तर काम तिथेच थांबवा, कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा. घाम सुटणे, तोंडाला पाणी सुटणे, डोळ्यांपुढे धूसर होणे, मळमळ, हातपाय थरथरणे यांतले काहीही दिसले तर ऊन लागले असेल म्हणून थांबू नका. औषध पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. ओकताना तेलकट द्रावक फुफ्फुसात उतरते आणि त्यानेच जीव जातो. १०८ ला फोन करा आणि बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या. कोणता उतारा द्यायचा, हे डॉक्टरला लेबलवरच्या नावावरून ठरवता येते.

प्रश्न : माती आरोग्य पत्रिकेत ईसी ०.३२ आली. ईसी कमी आहे, वाढवायला टॉनिक टाका, असा सल्ला मिळाला. किती टाकू? (ता. दारव्हा)

काहीही टाकू नका. तुमची ईसी उत्तम आहे.

इथे ईसी म्हणजे विद्युत वाहकता. मातीत पाणी कालवून त्यातून वीज किती वाहते ते मोजतात. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, विरघळलेल्या क्षारांमुळे वाहते. म्हणजे हा आकडा मातीतल्या क्षारांचा आहे, अन्नद्रव्याचा नाही. तो वाढवायचा नसतो, आटोक्यात ठेवायचा असतो. एकक डेसीसायमन प्रति मीटर. १ च्या आत असेल तर सर्वसाधारण. १ ते २ मध्ये नाजूक पिकांच्या उगवणीला त्रास होतो, आणि २ च्या वर पीक वाढीतच मागे पडू लागते.

पत्रिकेत बारा आकडे असतात. सामू (पीएच), ईसी आणि सेंद्रिय कर्ब हे तीन मातीची प्रकृती सांगतात, बाकीचे नऊ अन्नद्रव्यांचे. तुम्हाला काही वाढवायचेच असेल तर सेंद्रिय कर्बाच्या ओळीवर बोट ठेवा. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर पैसा टॉनिकवर नाही, शेणखतावर लावा.

याच विषयावर पुसद तालुक्यातून आलेल्या पत्रात एकाच वावराची ईसी एकदा ०.३ आणि एकदा १.४ आल्याचे लिहिले आहे. नमुना युरियाच्या रिकाम्या चुंगडीत नेला होता, असेही त्याच पत्रात आहे. उत्तर त्यातच आहे, फक्त दोष युरियाचा असण्यापेक्षा त्या चुंगडीत आधी भरलेल्या दुसऱ्या कोणत्या खताचा असावा. मिश्र खताची किंवा पोटॅशची चिमूटभर धूळही अर्धा किलो मातीची ईसी चढवते. नमुना स्वच्छ कापडी किंवा नव्या प्लास्टिकच्या पिशवीत न्या. एका वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर खोल खड्डा करा, आतली माती फेकून द्या आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत एकसारखी चकती खरवडा. धुऱ्याजवळ, झाडाखाली, शेणखताचा ढीग होता तिथे आणि पाण्याच्या दांडाजवळ खड्डा करू नका. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्धा किलो उरवा. खत टाकल्यावर लगेच नमुना घेतला तरी आकडा फसवतो. उन्हाळ्यात, रान मोकळे असताना घ्या.

प्रश्न : आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचे पाणी दोन ठिकाणी तपासले. एकाने ईसी २३५० लिहिली, दुसऱ्याने २.४. कोणाचे खरे मानायचे? हे पाणी हरभऱ्याला चालेल काय? (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

दोन्ही खरे. पहिल्याने मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटरमध्ये लिहिले, दुसऱ्याने डेसीसायमन प्रति मीटरमध्ये. १००० मायक्रोसायमन म्हणजे १ डेसीसायमन. २३५० म्हणजे २.३५. एवढा फरक दोन यंत्रांत पडतोच.

पाण्याचे वर्ग मायक्रोसायमनमध्ये असे धरतात : २५० पर्यंत कमी क्षार, २५० ते ७५० मध्यम, ७५० ते २२५० जास्त, त्यापुढे अति जास्त. तुमचे पाणी शेवटच्या वर्गात आहे. हरभरा क्षारांना फार नाजूक, त्याला हे पाणी देऊ नका. गहू आणि कपाशी त्यामानाने सोसतात.

पण पूर्णा खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या या पट्ट्यात, खरा शत्रू नुसती ईसी नाही. तिथल्या पाण्यात सोडियम जास्त आहे. सोडियमने काळी माती चोपण होते. ओली असली की चिखल, वाळली की दगड, आणि पाणी खाली झिरपत नाही, म्हणून क्षारही तिथेच साचतात. त्यामुळे अहवालात एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि आरएससी (शिल्लक सोडियम कार्बोनेट) हे दोन आकडेही मागून घ्या. आरएससी १.२५ च्या आत असेल तर ठीक, अडीचच्या वर असेल तर ते पाणी ओलिताला नकोच.

शेततळे असेल तर पाणी मिसळून देता येते. बोअरचे २.४ आणि शेततळ्याचे ०.३, निम्मे-निम्मे केले तर १.३५ च्या आसपास येते. ठिबकने दिले तर क्षार ओलाव्याच्या कडेला ढकलले जातात. मात्र पहिल्या रिमझिम पावसाने तेच क्षार पुन्हा मुळांकडे येतात, म्हणून तेवढा वेळ ठिबक चालूच ठेवायचे. पाऊस पडतो आहे म्हणून बंद करायचे नाही.

जिप्सम टाकायचे ते सोडियमसाठी, तेही माती तपासून जेवढे निघेल तेवढेच, आणि पाणी निचरून जायला चर असतील तरच. जिप्सम हाही एक क्षारच आहे. नुसती ईसी जास्त आहे म्हणून तो टाकला तर ईसी आणखी वाढते.

नमुना घेताना बोअर पंधरा-वीस मिनिटे चालू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी पोचवा.

प्रश्न : संत्र्याच्या ठिबकसाठी ईसी मीटर घेतलं. टाकीत युरिया विरघळवला तर काटा हलला नाही. मीटर खराब आहे काय? (ता. वरुड)

मीटर चांगले आहे. युरिया पाण्यात विरघळतो, पण त्याचे विद्युतभारित कण होत नाहीत, म्हणून त्यातून वीज वाहत नाही. मातीत गेल्यावर त्याचा अमोनियम आणि मग नायट्रेट होतो, तेव्हा तो क्षारांत मोजला जातो. याच्या उलट पांढरा पोटॅश लिटरला एक ग्रॅम टाकून पाहा, ईसी पावणेदोन-दोनने चढेल. संत्र्याला क्षार सोसत नाहीत. जंबेरीच्या खुंटावरची, म्हणजे जंबेरी लिंबाच्या रोपावर कलम केलेली बाग रंगपूर लाईमवरच्या बागेपेक्षा आणखी नाजूक असते. तेव्हा विहिरीच्या पाण्याची ईसी आधी मोजून मगच पोटॅशचे हप्ते पाडा. मीटरची शंका असेल तर १४१३ मायक्रोसायमनचे प्रमाण द्रावण मिळते, त्यात बुडवून आकडा जुळतो का ते पाहा.

प्रश्न : आशाताई घरी येऊन “तुमचा ईसी नंबर सांगा” म्हणाल्या. हा कोणता नंबर? (ता. कुरखेडा, जि. गडचिरोली)

त्यांच्या रजिस्टरात ईसी म्हणजे एलिजिबल कपल, पात्र जोडपे. ईसी नंबर म्हणजे त्या रजिस्टरातला तुमच्या जोडप्याचा क्रमांक. पत्नीचे वय १५ ते ४९ असलेले प्रत्येक विवाहित जोडपे या यादीत येते. पात्र हे कुटुंब कल्याण सेवांसाठी, कोणत्या अनुदानासाठी नाही. याच नोंदीवरून पुढे गरोदरपणाची तपासणी, बाळंतपण आणि बाळाच्या लसी यांचा धागा जोडला जातो. बारा अंकी आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) क्रमांक माता-बाल कार्डावर लिहिलेला असतो, तो जपून ठेवा. बाळंतपणाला माहेरी गेलात तर तिथल्या ताईंना तोच दाखवा, नवी नोंद करायची गरज नाही.

आशाताईंकडच्या ईसीपी गोळ्या वेगळ्या. त्या असुरक्षित संबंधानंतर तातडीने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या आहेत. ७२ तासांच्या आत घ्यायच्या, आणि जितक्या लवकर तितका गुण जास्त. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. नेहमीच्या वापरासाठी त्या नाहीत.

प्रश्न : सासऱ्यांची तेलंगणात थोडी जमीन आहे. बँकेने तिची ईसी मागितली. आमच्या सिरोंच्यातल्या जमिनीची मागितली तर ती कुठे मिळेल? (ता. सिरोंचा)

ही ईसी म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, बोजा प्रमाणपत्र. जमिनीवर गहाण, विक्री, बक्षीसपत्र असे कोणते नोंदणीकृत व्यवहार झाले याची ती यादी असते. तेलंगणात ती जमिनीच्या व्यवहारांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून मिळते.

महाराष्ट्रात या नावाचा कागद शोधत फिरू नका. इथे तेच काम तीन कागद मिळून करतात : सातबारावरचा ‘इतर हक्क’ रकाना, त्याचे फेरफार, आणि दुय्यम निबंधकाकडच्या सूची २ चा, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीचा शोध. बँकेचा वकील हे पाहून शोध अहवाल देतो, बहुधा मागच्या तीस वर्षांचा. म्हणून जुने सातबारे आणि फेरफार आधीच काढून ठेवा. कर्ज फिटले म्हणून सातबारावरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचे कर्ज निरंक असल्याचे पत्र घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा लागतो, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून खात्री करावी लागते. विसार देऊन साध्या कागदावर केलेला सौदा किंवा उसनवारी या ईसीतही दिसत नाही आणि सातबारावरही नाही.

प्रश्न : गावाजवळच्या कोळसा खाणीच्या वाढीसाठी “ईसीकरिता जनसुनावणी” अशी नोटीस लागली. आम्ही काय करायचे? (ता. वणी, जि. यवतमाळ)

ही ईसी म्हणजे एन्व्हायर्नमेंटल क्लिअरन्स, पर्यावरण मंजुरी. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे ती दिली जाते. वर्तमानपत्रातली नोटीस आणि सुनावणी यांच्यात किमान ३० दिवस असावे लागतात. आधी ती तारीख तपासा.

या तीस दिवसांत पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत अशा ठिकाणी पाहायला ठेवलेला असतो. सारांशावर भागवू नका. मसुद्यात तीन गोष्टी शोधा : तुमच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी, नाला वळवणार असतील तर त्याचा नकाशा, आणि कोळशाच्या गाड्यांचा रस्ता. तिथे तुमच्या गावाचे नाव चुकले असेल किंवा विहिरी मोजल्याच नसतील, तर ते गट क्रमांकासह लेखी लिहा, प्रदूषण नियंत्रण मंडळाला सुनावणीआधी द्या आणि पोच घ्या. “आमचा विरोध आहे” एवढ्या ओळीला कंपनी एका ओळीत उत्तर देते. “गट क्रमांक अमुकमधली विहीर मे महिन्यात इतक्या फुटांवर जाते, अहवालात ती नाही” याला उत्तर शोधावे लागते.

सुनावणीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी असतात. हजेरीला गणपूर्तीची अट नाही, म्हणजे तुम्ही गेला नाहीत म्हणून सुनावणी थांबत नाही. शेवटी कार्यवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असते आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची असते. ते ऐकल्याशिवाय उठू नका. तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथेच सांगा.

ईसी मिळाली म्हणजे खाण सुरू झाली असे नाही. वनजमीन असेल तर वेगळी वनमंजुरी लागते आणि मंडळाचे संमतीपत्रही लागते. मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. ग्रामपंचायतीने त्याची प्रत मागत राहावे. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत दाद मागता येते. उशिराचे सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. आपल्या भागासाठी ते पीठ पुण्यात आहे.

प्रश्न : जास्त भावाने युरिया विकल्यावर “ईसी ॲक्टखाली गुन्हा” अशी बातमी वाचली. बनावट फवारणीच्या औषधालाही तोच कायदा लागतो काय? (ता. चिखली, जि. बुलढाणा)

इथे ईसी म्हणजे एसेन्शियल कमोडिटीज, १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा. रासायनिक खते त्यात येतात आणि १९८५ चा खत नियंत्रण आदेश त्याच कायद्याखालचा आहे. औषधांसाठी १९६८ चा कीटकनाशक कायदा वेगळा आहे. त्यामुळे तक्रार लिहिताना खताची आणि औषधाची एकाच अर्जात घालू नका.

दोन्हींत पुरावा एकच, पक्के बिल. खत घेताना यंत्रावर अंगठा दिल्यावर निघणारी पावती मागून घ्या. ४५ किलोच्या युरियाच्या चुंगडीवर २६६ रुपये ५० पैसे किंमत छापलेली असते. पावतीवर तेवढीच रक्कम आणि वरचे पैसे हातोहात, असे झाले तर सोबतच्या माणसाचे नाव आणि वेळ तिथल्या तिथे लिहून ठेवा. औषधाच्या बिलावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहून घ्या आणि ती बाटलीशी जुळवा. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे द्या. शंका असलेल्या औषधाची किंवा खताची न उघडलेली एक बाटली किंवा चुंगडी राखून ठेवा. सील तुटलेल्या मालाची तपासणी पुढे टिकत नाही.